ड्वार्फ फोर्ट्रेस: किल्ल्यातली पोरं कामाला कशी लावायची?

वागळे_टर्नर (लोकमान्यनगर, ठाणे)

नमस्कार मंडळी. ड्वार्फ फोर्ट्रेस (ड्वार्फ म्हणजे बुटक्यांचा किल्ला चालवायचा कॉम्प्युटर गेम) खेळणाऱ्यांना एक प्रश्न आहे. जरा लांब आहे, पण सगळी परिस्थिती सांगितल्याशिवाय उपयोगी उत्तर मिळायचं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

आयुष्य वागळे इस्टेटमध्ये टूलरूमला गेलं. आधी टर्नर, मग फोरमन. आता निवृत्त आहे. स्टीमवर डिसेंबर २०२२ मध्ये या गेमची चित्रांची आवृत्ती आली, ती मुलाने लॅपटॉपवर टाकून दिली. २००६ सालापासूनची अक्षरांची आवृत्ती फुकट मिळते, पण ती माझ्या डोळ्यांना झेपत नाही. संध्याकाळी उपवनला फेरी मारून आलो की जेवणापर्यंत खेळतो.

सध्याचा किल्ला डोंगराच्या पोटात आहे. मॅग्नेटाइट (लोखंडाचा दगड) भरपूर, लाकूड बऱ्यापैकी, गोब्लिन (हल्ला करणारे शत्रू) शेजारी. लोकसंख्या ११२. त्यातली ३४ पोरं. म्हणजे हाताशी ७८ माणसं, आणि त्यातलीही दोन पथकं सैन्यात. पोलाद काढायचं म्हटलं तर कोळसा पाडणारा वेगळा, भट्टीवर वेगळा, लोहार वेगळा, आणि या सगळ्यांना माल पोचवणारे वेगळे. माणूसबळ पुरतच नाही. कच्चं लोखंड खाणीच्या तोंडाशी पडून राहतं आणि भट्टी थंड असते.

आणि ही ३४ पोरं काय करतात? बोलत बसतात, लुटुपुटूचे खेळ खेळतात, झोपतात. खाणं मात्र मोठ्यांइतकंच. एक ड्वार्फ वर्षाला साधारण ८ वेळा जेवतो आणि १६ वेळा पितो. ३४ पोरांचं झालं २७२ जेवणं आणि ५४४ पेले दारू (हो, या गेममध्ये पोरंही तेच पितात). एका प्लंप हेल्मेटपासून (जमिनीखाली पिकणारी अळंबी) ५ पेले धरले तर निव्वळ पोरांच्या पिण्यासाठी वर्षाला १०९ प्लंप हेल्मेट लावायची. शेतावरचे दोघे त्यातच अडकलेत.

माझी तक्रार खाण्याबद्दल नाही. पोरांनी खायलाच हवं. मला खटकतं ते हे की अठरा वर्षं त्यांना कोणी काही शिकवतच नाही, आणि अठरावं लागलं की एकदम कोरा माणूस हातात येतो. आमच्याकडे आयटीआयची मुलं उमेदवारीला यायची. १९६१ चा अप्रेंटिसशिप कायदा आहे, चौदा पूर्ण झालेला मुलगा घेता येतो. पहिले काही महिने त्याला मशीनला हात लावू द्यायचा नाही. बुरा झाडायचा, हत्यारं जागेवर लावायची, कानस मारायची, व्हर्नियर वाचायला शिकायचं. बघत बघत त्याचा हात तयार व्हायचा. दोन वर्षांनी तोच मुलगा चकमध्ये जॉब बांधून डायल लावायचा आणि मला बघायलाही जावं लागायचं नाही. आज त्यातल्या काहींची स्वतःची युनिट आहेत. म्हणून किल्ल्यातलं पंधरा वर्षांचं पोरगं दगडकामाच्या वर्कशॉपच्या दारात नुसतं उभं दिसलं की मला राहवत नाही.

तर मला हे हवंय:

पोरांना कुठली कामं देता येतात आणि ती कुठे ठरवायची? त्यांना कसब शिकवायचा कुठलाही मार्ग आहे का? आणि अठरा हे वय कमी करता येत असेल तर त्याने खेळ बिघडतो का?

पोरांना कुत्र्यांबरोबर कोंडून लढवय्ये बनवायचे प्रकार इंग्रजी फोरमवर वाचलेत. ते सुचवू नका, मी करणार नाही.

---

ऐरोली_नाइटशिफ्ट

काका, सरळ उपाय सांगतो. सेटिंग्जमध्ये लोकसंख्येची मर्यादा असते ना, तिथेच मुलांची मर्यादाही आहे. मूळ आकडे १०० आणि १००० टक्के असतात, म्हणजे जास्तीत जास्त १०० मुलं किंवा मोठ्यांच्या दसपट, यातलं जे कमी असेल ते. व्यवहारात ती मर्यादा कधी आडवी येतच नाही. दोन्ही शून्य करा. नवीन जन्म बंद. बाहेरून येणाऱ्या कुटुंबांबरोबर मुलं येतील तेवढीच.

माझा किल्ला असाच चालतो. १५० मोठे, ६ मुलं, एफपीएस (गेम सेकंदाला किती पावलं पुढे सरकतो तो वेग) मस्त. प्रत्येक मूल म्हणजे वाट शोधणारा आणखी एक जीव, प्रोसेसरवर तेवढाच भार, आणि बदल्यात काम शून्य.

---

कळवा_खाडी

काका, तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं. या विषयावर बहुतेक जण एक तर मुलं बंद करा म्हणतात, नाहीतर तो कुत्र्यांचा प्रकार सांगतात. मी गेली काही वर्षं एकच किल्ला चालवतेय, तिसरी पिढी चालू आहे, आणि माझे सगळ्यात चांगले लोक किल्ल्यात जन्मलेले आहेत. त्यामुळे जरा विस्ताराने लिहिते.

आधी कामांचं. लेबरच्या पडद्यावर स्टँडिंग ऑर्डर्स आहे, त्यात चोअर्स नावाचा टॅब आहे. मुलांनी घरकाम करावं की नाही हे तिथे ठरतं, आणि कुठली कामं करायची तेही एकेक करून चालू-बंद करता येतं. मुख्यतः सामान उचलून ठेवणं, साफसफाई, अशी कामं. एखाद्या ठरावीक मुलाला पूर्ण सूटही देता येते. शेतात पीक तयार झालं की सगळ्यांनी कापणीला जायचं असाही एक पर्याय ऑर्डर्समध्ये आहे. तो चालू ठेवला की मुलंही कापणीला धावतात. तुमचे शेतावरचे दोघे मग फक्त पेरणी करतील. १०९ प्लंप हेल्मेटचा निम्मा प्रश्न तिथेच सुटला.

पण सगळी कामं चालू करून मोकळे होऊ नका. हे मी कळकळीने सांगतेय. कचरा उचलणं आणि प्रेतं हलवणं याच्यापासून मुलांना लांब ठेवा. या गेममध्ये प्रत्येक जण जे बघतो ते त्याच्या आठवणीत राहतं. मोठी आठवण असेल तर ती पुन्हा पुन्हा वर येते आणि स्वभावसुद्धा कायमचा बदलतो. वेढा उठल्यानंतर फाटकाबाहेर चाळीस गोब्लिन पडलेले असतात, मोजे आणि भाले विखुरलेले असतात, आणि तुमची सात वर्षांची मुलगी एक मोजा उचलायला त्या ढिगात जाते. माल कोठारात येतो, हे खरं. पण ती मुलगी अठराची होईल तेव्हा तिच्या मनात काय असेल ते तिच्या विचारांच्या पानावर वाचून बघा. मोठेपणी चिडून फर्निचर फोडणारे, खोलीत रडत बसणारे असेच तयार होतात. एका वर्षाच्या फुकट हमालीसाठी पुढची शंभर वर्षं खराब करू नका. ड्वार्फ दीडशेच्या पुढे जगतो.

म्हणून माझी पद्धत अशी. सगळ्या मुलांचा एक बरो, म्हणजे त्यांनी राहायचा आखून दिलेला भाग. त्यात झोपायच्या खोल्या, जेवणाचा हॉल, खानावळ, देऊळ, अन्नाचं आणि दारूचं कोठार, भूमिगत शेत, तयार मालाचं कोठार. आणि एक वरून उघडं, चारी बाजूंनी भिंत घातलेलं अंगण. अन्न-दारू बरोमध्ये घ्यायला विसरलात तर मुलं तहानेने हैराण होतील, ते आधी तपासा. अंगण अशासाठी की वर्षानुवर्षं उन्हात न गेलेल्या ड्वार्फला नंतर बाहेर पडलं की मळमळतं, ओकतो. मोठा होऊन सैन्यात गेला की हे महागात पडतं. बरोमध्ये असलेलं मूल बाहेरचं काम घेत नाही, त्यामुळे प्रेतांचा आणि पळवून नेणाऱ्या गोब्लिनांचा असे दोन्ही प्रश्न मिटतात. तरीही फाटकाशी दोन कुत्रे साखळीने बांधून ठेवाच. लपूनछपून येणाऱ्याला ते उघडं पाडतात. तुमचे शेजारी गोब्लिन आहेत, त्यामुळे पोती घेऊन कोणीतरी येणारच.

आता तुमचा दुसरा प्रश्न, कसब. हातचं कसब मुलांना शिकवता येत नाही, हे खरं. वर्कशॉपचं काम मूल घेत नाही, पथकात त्याचं नाव घालता येत नाही. पण तुम्ही म्हणता की मुलं बोलत बसतात. काका, एकदा त्यांचं कसबाचं पान उघडून बघा. माझ्याकडे अठराव्या वर्षी हाती येणारं मूल कोरं नसतं. पटवून देणं, सांत्वन करणं, समोरच्याचा भाव ओळखणं, वाटाघाट करणं, हे सगळं त्यांचं बोलण्यातूनच वाढत असतं. अठरा वर्षं खानावळीत बसून पन्नास माणसांशी बोललेली मुलगी ही ब्रोकर (व्यापाऱ्यांशी सौदा करणारी) म्हणून तुमच्या कुठल्याही लोहारापेक्षा चांगली. व्यापाऱ्याशी बोलताना समोरचा खूश आहे की वैतागलाय ते समोरच्याचा भाव ओळखणाऱ्याला दिसतं. दुःखी ड्वार्फ महापौराकडे रडायला येतो तेव्हा सांत्वन येणारा महापौर लागतो. माझा आत्ताचा महापौर इनेथ किल्ल्यातच जन्मलाय, निवडून आलाय तो ओळखींच्या जोरावर.

म्हणून खानावळ मोठी करा, मध्यभागी करा, खुर्च्या भरपूर ठेवा. मुलांच्या बरोत ती हवीच.

एक धोका आहे, तोही सांगते. ज्याच्या ओळखी जास्त, त्याला दुःखही जास्त. एक सैनिक मेला की त्याचे वीस मित्र खचतात. त्यामुळे सैन्यातली माणसं आणि मुलं एकाच हॉलमध्ये रोज बसतील अशी रचना मी ठेवत नाही. सैनिकांची स्वतंत्र खानावळ आहे.

शेवटचं म्हणजे झपाटणं, स्ट्रेंज मूड, म्हणजे एखाद्याला अचानक एक वस्तू घडवायचं वेड लागणं. मुलांनाही येतं. हाताला काही कसब नसेल तर दगड, लाकूड किंवा हाडाच्या कलाकुसरीतलं काहीतरी निघतं, म्हणून क्राफ्ट्सचं वर्कशॉप नेहमी मोकळं आणि हाडं, लाकूड, दगड, चामडं, कापड, कच्चे रत्नखडे सगळं थोडंथोडं शिलकीत पाहिजे. सामान मिळालं नाही तर ते मूल वेडं होतं, आणि त्यातून ते परत येत नाही. मिळालं तर एक अमूल्य वस्तू बनते आणि ते मूल त्या कलेत लेजंडरी, म्हणजे सर्वोच्च दर्जाचं, होतं. फक्त पछाडलेला मूड असेल तर वस्तू बनते पण कसब मिळत नाही. माझ्याकडे नऊ वर्षांच्या एका मुलीने हाडाची बासरी केली. पुढे तिच्या अठराव्या वाढदिवसापासून हाडाचे बाण तीच करते, पहिल्या दिवसापासून उत्कृष्ट. मूड आयुष्यात एकदाच येतो, तेव्हा कोणाला येऊन गेला ते लिहून ठेवा.

आणि खेळणी विकू नका. सगळेच जण लाकडी कुऱ्हाडी आणि होड्या करून व्यापाऱ्याला देतात. थोडी कोठारात राहू द्या, मुलं घेऊन खेळतात आणि खूश राहतात.

---

सीवूड्स_५०

विषय ड्वार्फ फोर्ट्रेसचा आहे हे मान्य, पण काकांना जे हवंय ते रिमवर्ल्ड या दुसऱ्या गेममध्ये अक्षरशः आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये बायोटेक नावाची भर आली, त्यात मूल तिसऱ्या वर्षापासून शिकायला लागतं. शाळेचं बाक आणि फळा लावायचा, एखादा मोठा माणूस येऊन धडा देतो. बाकी वेळ ते जमिनीवर चित्रं काढतं, मोठ्यांचं काम बघत उभं राहतं, रानात हुंदडतं, आणि या सगळ्याला शिकणं धरलं जातं. ७, १० आणि १३ या वयात वाढीचा टप्पा येतो, त्यात तोवर कसं वाढवलं त्यानुसार स्वभाव आणि आवड निवडता येते. दुर्लक्ष केलं असेल तर निवडायला फारसं काही नसतं.

तिथे वातावरण अंतराळातलं आहे, बुटके आणि गोब्लिन नाहीत. पण मोठ्यांचं काम बघत उभं राहणं हीसुद्धा शिक्षणाची एक रीत म्हणून गेममध्ये घातलीय, ते काकांचं वर्णन वाचताना आठवलं.

---

वागळे_टर्नर

सगळ्यांचे मनापासून आभार. एकेकाला उत्तर देतो.

ऐरोली, तुझा उपाय एफपीएससाठी बरोबर आहे. पण मुलं बंद करून मी किल्ला कोणासाठी बांधू? बाहेरून येणारे लोक तयार येतात, चीज करणारा आणि मासे साफ करणारा. त्यातून मला हवी ती माणसं मिळत नाहीत. मला माणसं घडवायची आहेत. नवीन जन्म थोडे आवरते घेतो, मर्यादा ४० ठेवतो, पण शून्य नाही.

कळवा ताई, तुमचं उत्तर मी वहीत उतरवून घेतलंय. चोअर्सचा टॅब सापडला. वाहतूक आणि साफसफाई चालू, कचरा आणि दफन बंद. बरो आखला. कापणी सगळ्यांना. दोन ऋतूंतच फरक दिसतोय. तयार मालाचं कोठार भरतंय आणि खाणीच्या तोंडाचं लोखंड उचलायला मोठे मोकळे झालेत. भट्टी चालू आहे.

पण तुमचा तो बोलण्याचा मुद्दा माझ्या मनात जास्त बसला. मी ३४ पोरांची पानं उघडून बघितली. काडोल नावाची एक मुलगी आहे, सतरा वर्षांची. भाव ओळखणं आणि वाटाघाट, दोन्हींत माझ्या सध्याच्या ब्रोकरच्या पुढे. आणि माझा ब्रोकर कोण, तर भट्टीवरचा सगळ्यात चांगला माणूस, जो शरदात व्यापारी आले की काम सोडून डेपोत जाऊन बसतो. टूलरूममध्येही हेच बघितलंय मी. हाताने साधा असलेला एखादा मुलगा स्टोअरवाल्याशी, क्वालिटीवाल्याशी, ड्रायव्हरशी गोड बोलून सगळ्यांचं अडलेलं सोडवायचा. त्याच्याशिवाय महिन्याचं डिस्पॅच निघायचं नाही. त्या कामाला आयटीआयमध्ये ट्रेड नाही, पण ते कसबच आहे.

सीवूड्स, मुलाला सांगून रिमवर्ल्ड बघतो. मोठ्यांचं काम बघत उभं राहणं म्हणजे शिकणं, हे ज्याने गेममध्ये घातलं त्याने कधीतरी शॉप फ्लोअर बघितला असणार.

आता तिसरा प्रश्न राहिला, वयाचा. अठरा वर्षं म्हणजे खेळणाऱ्याचे नेमके किती तास? आणि ते वय चौदा केलं तर?

---

ऐरोली_नाइटशिफ्ट

काका, हिशोब माझ्याकडे आहे. ड्वार्फांचं वर्ष १२ महिन्यांचं, महिना २८ दिवसांचा, म्हणजे ३३६ दिवस. एक दिवस १२०० टिक (टिक म्हणजे गेमचं एक पाऊल). वर्षाला ४,०३,२०० टिक. गेम १०० एफपीएसने चालत असेल तर एक वर्ष ६७ मिनिटांत जातं, आणि अठरा वर्षं साधारण २० तासांत. तुमच्या लॅपटॉपवर किती येतो?

---

वागळे_टर्नर

पस्तीसच्या आसपास.

---

ऐरोली_नाइटशिफ्ट

मग एक वर्ष ३ तास १२ मिनिटांचं. अठरा वर्षांना जवळपास ५८ तास, चौदा केलीत तर ४५. तेरा तास वाचतात, शिवाय मध्ये पॉज करून जो विचार करता तो वेळ वेगळा. जुन्या आवृत्त्यांत हेच वय बारा होतं, नंतर अठरा केलं.

म्हणूनच मी एफपीएस म्हणून ओरडत होतो. वेग वाढला की मुलंही लवकर मोठी होतात. पडलेले मोजे-कपडे आवरा, उगाच फिरणारी जनावरं कमी करा, वाहतं पाणी असेल तर थांबवा, न लागणारे बोगदे भिंत घालून बंद करा. पस्तीसवरून पन्नासवर आलात तरी अठरा वर्षं चाळीस तासांत होतात, काही मॉड (गेमचे नियम बदलणारी फाइल) न टाकता.

घाईच असेल तर डीएफहॅक या जोडप्रोग्रॅममध्ये रिज्युव्हिनेट नावाची आज्ञा आहे. ती म्हाताऱ्याला तरुण करते, पण फोर्स लावला की मुलाला एकदम विशीतही नेते. चालू किल्ल्यात चालते, नवं जग लागत नाही.

---

वागळे_टर्नर

हिशोबाबद्दल शाबासकी. पन्नासवर आणायचा प्रयत्न करतो, जनावरं खरंच फार झालीत.

रिज्युव्हिनेट नको. पाच वर्षांच्या पोराला एका आज्ञेत विशीत नेलं तर मधली पंधरा वर्षं गेली कुठे? ताईंनी जे सांगितलं, ओळखी, बोलणं, स्वभाव, ते सगळं त्याच वर्षांत होतं. मला वेळ वाचवायचा आहे, वर्षं नाही.

चौदा मला पटतंय. आपल्याकडेही २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदाखालच्या मुलाला कामावर ठेवायला बंदी, घरच्या धंद्यातली मदत वगैरे सोडली तर. आणि चौदा ते अठरामधल्यांना खाण, स्फोटक माल आणि धोक्याची कामं वर्ज्य. मी किल्ल्यात तोच नियम लावणार. गेम चौदाला मोठा म्हणेल, तेव्हा सगळी कामं खुली होतील, पण त्यांना खाणीत आणि पथकात मी अठरापर्यंत घालणार नाही. वर्क डिटेल्समध्ये (कोणी कुठलं काम करायचं ते ठरवायची जागा) स्वतःचा गट बनवता येतो, तो फक्त निवडलेल्यांसाठी ठेवता येतो. एक गट काढतो, उमेदवार. त्यात दगडाची कलाकुसर आणि वाहतूक, बाकी काही नाही.

आणि त्यांना उस्तादाच्या वर्कशॉपमध्ये सोडणार नाही. वर्कशॉपला माणूस नेमून देता येतो. उमेदवारांची वर्कशॉपं वेगळी, उस्तादाची वेगळी. उमेदवारांनी दगडी मग करायचे. एका दगडातून तीन मग निघतात, दगड तर पायाखाली पडलाय, आणि मग वाकडा झाला तरी कोणाचं काही अडत नाही. भाव कमी येईल एवढंच. शरदात डोंगराकडचे व्यापारी येतात, त्यांना ते सगळे विकायचे. शिकणाऱ्याला माल बिघडवायची मोकळीक असावी, पण असा माल द्यावा की बिघडला तरी दुसऱ्याचं काम थांबणार नाही. आम्ही पहिल्यांदा माइल्ड स्टीलचा तुकडा द्यायचो, डाय स्टील कधी नाही.

ताई, मॉड कसा करायचा तेवढं सांगा. आणि चालू किल्ल्यात घालता येतो का?

---

कळवा_खाडी

तुमची मगांची कल्पना मी उचलतेय, काका. मी आजवर नवशिक्यांना सुताराकडे लावत होते आणि लाकूड संपत होतं.

मॉड सोपा आहे. गेमच्या फोल्डरमध्ये मॉड्स नावाचा फोल्डर आहे. त्यात तुमचा एक फोल्डर, त्यात इन्फोची फाइल आणि ऑब्जेक्ट्स नावाचा पोटफोल्डर. दुसऱ्या कुठल्याही लहान मॉडची इन्फो फाइल उघडून तिच्याप्रमाणे नाव आणि आवृत्ती भरा. ऑब्जेक्ट्समध्ये प्राण्यांची एक मजकूर फाइल ठेवा. त्यात ड्वार्फ हा प्राणी निवडायचा आणि चाइल्डच्या पुढे १८ ऐवजी १४ लिहायचं. बेबीचा १ तसाच राहू द्या. मूळ गेमच्या फाइलमध्ये ड्वार्फची नोंद आहेच, तिथे कंसांची रीत बघून घ्या. मूळ फाइल मात्र बदलू नका, अपडेट आला की ती परत पहिल्यासारखी होते.

चालू किल्ल्यात नाही घालता येत. मॉड नवं जग बनवताना निवडायचा असतो. पण आत्ताचा किल्ला त्यासाठी सोडू नका. ३४ पैकी बाहेरून आलेली मुलं बरीच मोठी असतील. वयानुसार यादी करा आणि पुढच्या तीन-चार वर्षांत कोण अठराचं होतंय ते बघा. प्रत्येकाला आत्ताच टोपणनाव देऊन ठेवा, नावातच पुढचं काम लिहायचं. मोठं झाल्याची सूचना येते तेव्हा गडबडीत कोण कुठला ते आठवत नाही, टोपणनाव असलं की लगेच गटात घालता येतं. नाहीतर ते साध्या मजुरांत मिसळून जातं आणि वर्षभर लक्षातच येत नाही.

---

सीवूड्स_५०

काका, रिमवर्ल्ड बघाल तेव्हा बायोटेक वेगळं विकत घ्यावं लागतं, मूळ गेममध्ये मुलं नाहीत. स्टीमवर सवलत लागेपर्यंत थांबा.

---

वागळे_टर्नर

सीवूड्स, बरं झालं सांगितलंस.

ताई, यादी केली. येत्या चार वर्षांत दहा जण अठराचे होतात. पाच जणांचं बोलणं चांगलं आहे, त्यातले दोघं पुढेमागे मॅनेजर आणि हिशोबनीस. डोमासला मागच्या हिवाळ्यात मूड येऊन गेला, दगडाची अंगठी केली, लेजंडरी आहे, पण तो अजून अकराचा. त्याच्यासाठी वर्कशॉपची जागा आत्ताच आखून ठेवतोय, कोठाराला लागून. यादीतल्या बाकी चौघांना दगडी मगांचं काम. उरलेला मेंग. हा सारखा सैनिकांच्या हॉलकडे जायचा, तुमचं वाचून त्यांच्यासाठी वेगळी खानावळ खणली.

मॉड नव्या जगासाठी तयार करून ठेवला, मुलाकडून एकदा तपासून घेतो. हा किल्ला मात्र अठरावरच पूर्ण करणार.

काडोल पुढच्या ग्रॅनाइट महिन्यात (गेममधला वर्षाचा पहिला, वसंतातला महिना) अठराची होते. व्यापारी शरदात येतात, म्हणजे तिला मध्ये दोन ऋतू मिळतात. त्या काळात तिला ब्रोकर करून मालाचं मोल करायला शिकू देतो आणि जुन्या ब्रोकरला कायमचा भट्टीवर पाठवतो.